मेणबत्ती कोणाची?

कार्ल सेगन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचा ‘द डेमन-हॉन्टेड वर्ल्ड’ हा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षीच्या डिसेंबरात ग्रंथकाराचे निधन झाले. पुस्तक नवे नाही. तरीही त्याचे परीक्षण या पत्रिकेत करण्याचे कारण असे की, आपल्या धर्मग्रामांतील महाविद्यालयीन तरुण आज ज्या प्रश्नांनी आपल्याला गाठतात त्यांपैकी बरेचसे या ग्रंथात मांडलेले आहेत. मग विचारणाऱ्याने तो वाचलेला असो वा नसो. ‘याला पुरावा कोणता?’ हा त्यांतला सोपा प्रश्न. ‘हे खोटे असते तर ते आपल्याला कशावरून कळले असते?’ हा अवघड. या दुसऱ्या प्रश्नापुढे आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक बहुधा दोनच उत्तरे देतो. श्रद्धेच्या प्रांतात पुरावा मागू नये, हे एक. विज्ञानालाही मर्यादा आहेत, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, पण दोन्ही देऊन झाल्यावर विचारणारा समाधानाने घरी जातो असा आमचा अनुभव नाही.

सेगन हे कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक होते. १९८० सालच्या ‘कॉसमॉस’ या दूरचित्रवाणी-मालिकेमुळे त्यांचे नाव जगभर झाले. प्रस्तुत ग्रंथाचा विषय मात्र ग्रहतारे नव्हे. परग्रहावरील प्राण्यांनी पळवून नेल्याच्या हकिगती, फलज्योतिष, मृतात्म्यांशी संभाषण, प्रार्थनेने रोग बरे करण्याचे जाहीर प्रयोग, मध्ययुगीन स्पेनमधील मरियामातेची दर्शने असा मोठा पसारा त्यांनी मांडला आहे. लोक मूर्ख आहेत असे त्यांचे म्हणणे नाही. लोकांना पारखण्याची साधने कोणी दिलीच नाहीत, हे त्यांचे दुःख आहे. आणि बाराव्या प्रकरणात त्यांनी त्या साधनांची पेटीच वाचकापुढे उघडली आहे. एखाद्या गोष्टीची ग्वाही एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांकडून मिळते का ते पाहावे. केवळ कोणी थोर माणूस म्हणाला म्हणून मानू नये. एका घटनेची अनेक स्पष्टीकरणे कल्पून पाहावीत आणि त्यांतले आपले लाडके असेल त्याच्यावर अधिक कठोर व्हावे. जेथे मोजता येईल तेथे मोजावे. न्यायशास्त्राचा ज्यांना थोडा परिचय आहे त्यांना यांतील काही ओळखीचे वाटेल. थोड्या कल्पनेत काम भागत असता अधिक कल्पू नये, याला आपले नैयायिक लाघव म्हणत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे समजू नये, हे तर घरोघरी ठाऊक आहे. ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत अंतर आहे, एवढेच.

पेटीतले एक साधन आपल्या व्यवसायाच्या विशेष जवळचे आहे. लागलेले बाण मोजावयाचे आणि चुकलेले विसरावयाचे, या सवयीविषयी सेगन सावध करतात. सिसेरोने सांगितलेली व फ्रान्सिस बेकनने १६२० साली पुन्हा सांगितलेली एक जुनी गोष्ट यासाठी पुरेशी आहे. नवस केल्यामुळे जहाज फुटूनही वाचलेल्यांची चित्रे देवळात टांगलेली होती. ती एका संशयी माणसाला दाखवून विचारण्यात आले, ‘आता तरी मानतोस ना?’ त्याने उलट विचारले, ‘नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत?’ नोव्हेनाच्या वेळी आपण जी आभारपत्रे वाचून दाखवितो त्यांच्याबाबत हाच प्रश्न कोणी उभा केला, तर तो ईश्वरनिंदा करतो असे आपण म्हणू नये. बुडालेल्यांची पत्रे येत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

ग्रंथाच्या उपशीर्षकात विज्ञानाला अंधारातील मेणबत्ती म्हटले आहे. ही मेणबत्ती सेगन यांनी कोठून घेतली ते त्यांनी लपविलेले नाही. टॉमस एडी या इंग्लिश वैद्याने १६५६ साली लंडनमध्ये चेटकिणींच्या छळाविरुद्ध एक पुस्तक छापले, त्याचे नाव ‘अंधारातील मेणबत्ती’ असे होते. त्या पुस्तकाचा आधार मुख्यतः बायबलचा आहे हेही सेगन प्रांजळपणे नमूद करतात. परंतु नमूद करून ते पुढे जातात. आम्हाला तेथे थांबावेसे वाटते. चेटकिणींची म्हणून जी लक्षणे न्यायाधीश शोधतात ती पवित्र शास्त्रात कोठे सांगितली आहेत ते दाखवा, असे एडी पुनःपुन्हा विचारतो. त्याची मेणबत्ती शास्त्रवचनांच्या वातीवर जळत होती. १६९२ साली सेलम येथे जॉर्ज बरोज या पाळकावर चेटकाचा आरोप आला, तेव्हा त्याने आपल्या बचावात याच पुस्तकातील युक्तिवाद न्यायालयापुढे ठेवला. उपयोग झाला नाही. त्याला फाशी देण्यात आले.

याच संदर्भात सेगन यांनी फ्रीडरिख स्पे या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूला बरीच जागा दिली आहे, आणि ग्रंथातील तो भाग आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. स्पेचे ‘काउत्सिओ क्रिमिनालिस’ हे लॅटिन पुस्तक १६३१ साली लेखकाचे नाव न देता छापले गेले. आरोपित स्त्रीच्या भोवती प्रश्नांचे जाळे कसे विणले जाते ते त्यात दाखविले आहे. तिचे पूर्वायुष्य वाईट असेल, तर अशीच बाई चेटूक करणार. चांगले असेल, तर चेटकिणी नेहमी सद्गुणांचा बुरखा घेतात. अटकेनंतर ती घाबरली, तर तिचे मन तिला खाते; घाबरली नाही, तर निर्ढावलेली आहे. यातनागृहात तिने कबूल केले, तर प्रश्न मिटला. कबूल केले नाही, तर सैतान तिला गप्प राहण्याचे बळ देतो. तुरुंगात मेली, तर सैतानानेच तिची मान मोडली. स्पेने काढलेला निष्कर्ष साधा आहे: जेथे कोणत्याही उत्तराने माणूस निर्दोष ठरू शकत नाही तेथे चौकशी झालीच नाही. आपण स्वतः ज्या स्त्रियांना मृत्यूपर्यंत सोबत केली त्यांतील एकीलाही विचारपूर्वक दोषी म्हणता येणार नाही, असे त्याने लिहून ठेवले. हे लिहिल्याबद्दल संघातील काही वरिष्ठांचा त्याच्यावर रोष झाला. १६३५ साली ट्रिअर येथे साथीच्या रोगाने पीडित सैनिकांची शुश्रूषा करताना त्याला मरण आले.

स्पे एकटा नव्हता. स्पेनमधील लोग्रोन्यो येथील धर्मन्यायसभेने १६१० साली सहा जणांना चेटकासाठी जिवंत जाळले. त्या सभेतील न्यायाधीशांपैकी अलोन्सो दे सालाझार फ्रियास याचे समाधान झालेले नव्हते. तो १६११-१२ मध्ये बास्क खेड्यांतून फिरला, सुमारे अठराशे लोकांचे जबाब त्याने घेतले, जबाबांची एकमेकांशी ताडणी केली, चेटकाची म्हणून आणलेली मलमे व चूर्णे तपासून घेतली. ती निरुपद्रवी निघाली. जेथे सैतानी मेळे भरतात असे सांगितले गेले तेथे त्याची माणसे गेली. त्यांना काही आढळले नाही. या गोष्टींची चर्चा सुरू होईपर्यंत त्या प्रदेशात चेटकिणीही नव्हत्या आणि चेटूक झालेलेही नव्हते, असा अहवाल त्याने दिला, आणि १६१४ साली वरिष्ठ मंडळाने तो बहुतांशी मान्य केला. स्वतंत्र पुरावा, प्रत्यक्ष तपासणी, स्थळाची पाहणी: सेगन यांच्या पेटीतील यांपैकी काय सालाझारकडे नव्हते? ज्या सभेने जाळले तिच्यातीलच माणसाने ते वापरले हे सांगताना अभिमान वाटतो, तसेच सहा जण जळून गेल्यावर वापरले हेही सांगितले पाहिजे.

सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आपले जे धर्मबंधू काम करतात त्यांना हा सतराव्या शतकातील इतिहास वाटणार नाही. डाकीण ठरविलेल्या स्त्रीला आजही गावात कोणत्याच उत्तराने सुटका नसते.

येथे ग्रंथकाराशी आमचा पहिला मतभेद नोंदवितो. संशयाला करुणेची जोड असावी असे सेगन यांनी म्हटले आहे, आणि ते मनापासून म्हटले आहे. तथापि त्यांच्या मांडणीत साधने आधी येतात आणि करुणा मागाहून, शिष्टाचाराप्रमाणे. स्पेच्या बाबतीत क्रम उलटा होता. मृत्यूच्या वाटेवर त्याने त्या स्त्रियांना साथ दिली, त्यांचे ऐकले, आणि ऐकले म्हणून त्याला शंका आली. तर्कशास्त्र तर यातना देणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी शिकलेले होते.

आता ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध दृष्टांताकडे वळू. माझ्या गाडीखान्यात आग ओकणारा एक अजस्र सर्प आहे, असे कोणी म्हणतो. दाखवा म्हटले, तर तो अदृश्य आहे. जमिनीवर पीठ पसरून पाऊल उमटते का पाहू म्हटले, तर तो अधांतरी तरंगतो. आगीची धग मोजू, तर ती आग उष्ण नाही. रंग फवारू, तर त्याला शरीरच नाही. सेगन विचारतात की, असा सर्प असणे आणि मुळीच नसणे यांत फरक तो कोणता? श्रद्धेची टवाळी म्हणून हा दृष्टांत आपल्याकडे पुष्कळांना बोचतो. आम्हालाही प्रथम बोचला. पण स्पेचे जाळे आणि सेगनचा सर्प शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोहोंची घडण एकच आहे असे दिसले. आणि तीच घडण आम्ही आणखी एका ठिकाणी पाहिली होती.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना तेथील एका तरुणाला फेफऱ्याचा विकार होता. बाहेरगावी भरलेल्या एका आरोग्यदान-प्रार्थनासभेहून तो परतला. तीन आठवडे झटका आला नाही. रविवारी मिस्सानंतर त्याने साक्ष देण्याची इच्छा दर्शविली आणि आम्ही आनंदाने ध्वनिक्षेपक त्याच्या हाती दिला. गोळ्या चालू आहेत ना, एवढे एक वाक्य आम्ही विचारावयाचे होते. ते विचारले नाही. गोळ्या त्याने सभेच्या दिवशीच बंद केल्या होत्या. पाचव्या आठवड्यात झटका आला तो चुलीपाशी, आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या सभेच्या प्रवचनकारांकडून आईला निरोप आला की, मुलाचा विश्वास मध्येच ढळला. आईने तो निरोप आम्हाला सांगितला तेव्हा ती रडत नव्हती. तिला तो पटला होता. रोग गेला, तर तो देवाने घालविला. परत आला, तर रोग्याच्या अविश्वासाने आणला. कोणतेही उत्तर दिले तरी रोगीच गुन्हेगार. इयोबाच्या मित्रांनी हेच केले होते, आणि त्यांच्याविषयी देवाने अखेर काय म्हटले ते आपल्या वाचकांना सांगावयास नको.

यापुढे सेगनचा सर्प आम्हाला टवाळी वाटेनासा झाला. जो दावा स्वतःला कधीच धोक्यात घालीत नाही, त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते.

मात्र ग्रंथकाराने आपली पेटी सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे वापरली आहे काय? लूर्दविषयीचा त्यांचा हिशेब पाहावा. १८५८ पासून सुमारे दहा कोटी लोक तेथे गेले; त्यांतील पाच टक्के कर्करोगी धरले, तर पन्नास लाख होतात; कर्करोग आपोआप मागे हटण्याचे प्रमाण दहा हजारांत एक ते एक लाखात एक; म्हणजे पन्नास ते पाचशे रोगी नुसत्या योगायोगानेच बरे व्हावयास हवेत; पण त्या काळी मान्य झालेल्या पासष्ट प्रकरणांत कर्करोगाची तीनच. म्हणून, ते म्हणतात, घरी बसले असते तर बरे होण्याची आशा अधिक होती. वाक्य चटकदार आहे आणि ते वाचून हसू येते. पण पाच टक्के हा आकडा मोजलेला नाही, धरलेला आहे. शिवाय ती पासष्ट प्रकरणे म्हणजे लूर्दला बरे झालेल्यांची गणना नव्हे. प्रोस्पेरो लांबेर्तीनी, म्हणजे पुढे पोप झालेले चौदावे बेनेडिक्ट, यांनी १७३४ ते १७३८ च्या दरम्यान लिहिलेल्या ग्रंथात असाधारण आरोग्यलाभाच्या ज्या कसोट्या घालून दिल्या, त्यांच्या चाळणीतून उरलेली ती प्रकरणे आहेत. रोग गंभीर असला पाहिजे, तो आपोआप ओसरण्याच्या बेतात नसावा, औषधाने गुण आलेला नसावा, आरोग्य अकस्मात, पूर्ण व टिकाऊ असावे. कर्करोगाच्या ज्या रोग्याने आधी उपचार घेतले तो येथेच बहुधा गळतो. १८८३ पासून तेथे वैद्यकीय कार्यालय आहे. सात हजारांवर दावे नोंदले गेले आणि २०१८ साली मान्य झालेले प्रकरण सत्तरावे होते. चाळणीतून खाली आलेल्या दाण्यांची तुलना न चाळलेल्या पोत्याशी करून पोते अधिक भरले असे म्हणणे, हा सेगन यांनीच बाराव्या प्रकरणात निषिद्ध ठरविलेला प्रकार आहे.

एवढे म्हटल्यावर आपण विजयी मुद्रेने पुस्तक मिटू नये. लूर्दचे वैद्य म्हणतात ते इतकेच की, आजच्या वैद्यकाला या आरोग्यलाभाचे स्पष्टीकरण देता येत नाही. चमत्कार हा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्या रोग्याच्या बिशपांचा, आणि तो श्रद्धेच्या दृष्टीने ओळखलेल्या खुणेविषयी असतो. आम्हाला कारण कळत नाही, म्हणून अमुकच कारण असले पाहिजे, हा अज्ञानावर उभारलेला युक्तिवाद झाला. प्रवचनपीठावरून आपण लूर्दला प्रयोगशाळेतील सिद्धता म्हणून सादर करतो, तेव्हा त्या कार्यालयाने जे म्हटले नाही ते त्याच्या नावावर खपवीत असतो.

दुसरा मतभेद अधिक खोल आहे. सेगन यांच्या लेखी मानवी साक्ष हा पुराव्याचा सर्वांत लुळा प्रकार. आणि परग्रहवासीयांच्या गोष्टी तपासताना ते बरोबरही आहे. तथापि एकदाच घडलेल्या गोष्टींचे ज्ञान साक्षीवाचून होत नाही. न्यायालये आणि इतिहास दोन्ही आप्तवाक्यावर चालतात. साक्षीदार किती, कोण, त्यांचा स्वार्थ काय, त्यांनी किंमत काय दिली, हे तपासून चालतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात संत पौल हेच करतो. प्रभूच्या पुनरुत्थानाचे साक्षीदार तो नावानिशी सांगतो, पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात असल्याचे कळवितो, म्हणजे जाऊन विचारा असेच सुचवितो. मग तो असे म्हणतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार पोकळ, तुमचा विश्वास फुकट आणि आम्ही देवाविषयी खोटे बोललो. अदृश्य सर्पाचा मालक असे कधी बोलत नाही. पौलाने खोटे ठरण्याची अट स्वतःच पुढे ठेवली आहे. यावरून पुनरुत्थान सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. दाव्याची जात वेगळी आहे, एवढेच म्हणतो, आणि सेगन यांनी ती जात ओळखावयास हवी होती. ती आपणही अनेकदा ओळखीत नाही. पौलाने उघड्यावर ठेवलेला विश्वास आपण गाडीखान्यात नेऊन कुलूप लावतो.

मुंबईत विलेपार्ले येथील इर्ला भागात मार्च २०१२ मध्ये एका क्रूसमूर्तीच्या पायातून पाणी झिरपू लागले व भाविकांची रीघ लागली. सनल एडामरुकू हे बुद्धिवादी तेथे गेले. जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळातील पाणी भिंतीतून शोषले जाऊन वर चढते असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर त्यांनी दूरचित्रवाणीवर ख्रिस्तसभेविषयी जी विधाने केली ती सगळीच न्याय्य होती असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या लोकांचे उत्तर काय होते? धार्मिक भावना दुखावल्याबद्दल भारतीय दंडविधानाच्या २९५-अ कलमाखाली पोलिसांत तक्रारी. त्याच वर्षी ते गृहस्थ देश सोडून फिनलंडला गेले. भिंत कोठून ओलावली ते पाहण्यासाठी नळकाम जाणणारा माणूस बोलावणे हे आधी आपले काम होते.

दानिएलाच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायातील बेलाची कथा येथे आठवते. मूर्ती रोज रात्री मणावारी अन्न खाते असा राजाचा विश्वास होता. दानिएलाने वाद घातला नाही. देवळाची दारे मोहोरबंद करण्यापूर्वी त्याने राजासमक्ष जमिनीवर राख चाळून पसरली. सकाळी मोहोर शाबूत होती, नैवेद्य नाहीसा झाला होता, आणि राखेवर पुरुषांची, बायकांची व मुलांची पावले उमटली होती. सेगनच्या गाडीखान्यातील पीठ आणि दानिएलाची राख यांत आम्हाला काडीचाही फरक दिसत नाही. फरक इतकाच की, त्या देवळात राख पसरणारा आपला होता आणि इर्ल्याला तो परका होता.

सेमिनरीतील विद्यार्थ्यांना हा ग्रंथ सबंध वाचावयास द्यावा काय, असे आम्हाला विचारण्यात आले आहे. परग्रहवासीयांच्या अपहरणावरील प्रकरणे लांबली आहेत आणि ती अमेरिकन वाचकासाठी लिहिलेली आहेत. ती गाळली तरी चालतील. सर्पाचे दहावे प्रकरण, साधनांचे बारावे व चेटकिणींच्या खटल्यांवरील अखेरीकडचे, एवढी वर्गात वाचावीत. लूर्दचा मजकूर वाचताना हाती पेन्सिल असावी, आणि स्पेचे उतारे मोठ्याने वाचून दाखवावेत.